नकाशातलं वऱ्हाड

महाडच्या एसटी स्टँडजवळ त्यांचं छपाईचं दुकान आहे. सगळा बाजार त्यांना भाई म्हणतो, म्हणून मीही म्हणते. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर आणि मधूनच माझे नकाशे ते छापतात. खवले मांजर कुठे राहत असेल, याचा संगणकाने बांधलेला अंदाज मी नकाशावर उतरवते. पोलादपूर, उमरठकडचे डोंगर त्यात गडद लाल येतात.

"लाल हाय तिथं ते हाय?" त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

"असू शकतं," मी म्हटलं.

"म्हंजे बघितलं नाय कुणी!" ते खूश होऊन हसले होते.

त्यांच्याकडचा बिघडलेला कागद शेजारच्या वडापाववाल्याकडे बांधायला जातो. माझा बिघडलेला नकाशा मात्र ते फाडून पाण्याच्या बादलीत बुडवतात. "खवल्यांसाठी त्याला मारणारे पण वडापाव खातात, मॅडम."

परवा काउंटरवर माझा नकाशा वाळत होता. एक गिऱ्हाईक त्यावर बराच वेळ वाकून उभं राहिलं.

"भाई, हे लाल लाल काय हाय?"

"लग्नाचं काम हाय. वऱ्हाड कुठून कुठून येणार, ते," भाई मान वर न करता म्हणाले.

"एवढ्या रानातून?"

"लाजरी माणसं हायत रे. गावात राहत नाय."

मी हसू दाबत भिंतीवरचे बॅनर वाचू लागले.

"मग येणार तरी हायत का?"

"येऊ शकतात," भाई अगदी माझ्या सुरात म्हणाले आणि त्यांनी नकाशाची सुरळी करून तिला रबर लावलं.