अर्डिसने नाकारलेली ॲक्शन

नवऱ्याच्या मयताच्या जेवणात अर्डिस ब्रेक हिला जे कळलं, ते तिने वर्षभर कोणाला सांगितलं नाही. चर्चच्या तळघरात ती हॅमचे सँडविच वाटत होती आणि मागच्या टेबलावर वेंडेल क्रॉक कोणाला तरी हसत सांगत होता, "नील्सने विचारलं, वारा तोच आहे ना? मी म्हटलं, तोच आहे. आणि तिकडे गवत पार उलट्या बाजूला झोपलेलं!"

अर्डिसचा नवरा नील्स आणि वेंडेल, दोघेही जुन्या धाटणीच्या एकबारी बंदुकांचे नेमबाज. काळी दारू, शिशाची गोळी, आठशे यार्डांवर उभा केलेला लोखंडी रेडा. एवढ्या अंतरावर नेम धरणाऱ्याला वारा कळत नाही. मागे दुर्बीण लावून बसलेला जोडीदार तो सांगतो. त्या दिवशीचा जोडीदार प्रतिस्पर्धी असला तरी त्याच्या शब्दावर बार टाकायचा, हा मॉन्टानातल्या या लोकांचा धर्मच. नील्सच्या शेवटच्या स्पर्धेत त्याच्या मागे दुर्बिणीला वेंडेल होता, आणि शेवटच्या बारापर्यंत दोघांची बरोबरी होती. नील्सचा बार हुकला, वेंडेल जिंकला. आपले डोळे गेले असं समजून नील्सने बंदूक विकली, खुर्ची धरली आणि दोन हिवाळ्यांत तो गेला.

अर्डिस सव्वीस वर्षं शाळेची बस चालवत होती. उणे तीसच्या थंडीत पहाटे इंजिन तापवायची, आणि कुठलं पोर कुठल्या फाटकाशी उतरतं हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. नेमही तिला येत होता. घरात दर वर्षी खाल्लं जाणारं हरीण बहुधा तिनेच मारलेलं असायचं. मयताचं जेवण आटोपल्यावर ती थेट ओरिन टॅफ्टच्या कारखान्यात गेली. ओरिन बंदुका बांधायचा.

"पन्नासची नळी? अर्धा इंच? खांदा निखळेल तुझा."

"माझ्या खांद्याची काळजी तू नको करू. ॲक्शन दाखव."

ॲक्शन म्हणजे बंदुकीचं काळीज. जिथे काडतूस बसतं, मागून ठोकळ्याने बंद होतं आणि घोडा पडतो, तो नळीमागचा लोखंडी भाग. ओरिनने दोन पुढे ठेवल्या. एकीचा ठोकळा खाली सरकणारा. बाजूला सांबर कोरलेलं, शतकापूर्वीचं काम, आणि बसणी अशी घट्ट की आत केस जायचा नाही. दुसरीचा ठोकळा मागे लोळणारा. कोरीव काम नाही, चकाकी नाही. ट्रंकेच्या कडीसारखी ओबडधोबड.

सांबरावरून बोट फिरवत अर्डिस म्हणाली, "ही कोणासाठी ठेवलीस?"

"कोणासाठीच नाही. वेंडेल दर महिन्याला फोन करून डोकं खातो. त्याला हिच्यावर पन्नासची नळी हवी, मी देत नाही. लावून पाहिली ना मी! एवढी दारू जळते, काजळी मागे येते. सात बार लोण्यासारखे, आठव्याला ठोकळा चिकटतो. बारीक नळीला ही राणी आहे. पन्नासला नाही."

"थोडी घासून सैल केली तर?"

"त्यापेक्षा माझं बोट घास."

अर्डिसच्या मनात आधी आलं ते हेच, की ही आपणच उचलावी आणि त्याला जन्मभर तरसत ठेवावं. मग तिने ती हळूच टेबलापलीकडे सारली.

"मला ती लोळणारी बांधून दे. आणि ही वेंडेलला विकून टाक."

ओरिनने चष्मा काढला. "दोष सांगितल्याशिवाय मी विकणार नाही, अर्डिस."

"सांग ना. सगळं सांग. मीही सांगते."

आणि तिने सांगितलं. कॅफेत वेंडेल चेरीचा केक खात होता, तिथे उभी राहून चार माणसांसमोर सांगितलं. "ती सांबराची ॲक्शन पन्नासला घेऊ नकोस. आठव्या बाराला अडकते."

"ओरिनने पढवून पाठवली काय?" वेंडेलने काटा तिच्याकडे रोखला. "तुलाच हवी असणार!"

"मी दुसरी घेतली."

"ती ट्रंकेची कडी? हां! मग मला कशाला घाबरवतेस, बये?"

अर्डिस दाराकडे वळली. खोटं बोलून जिंकलेल्या माणसाला खरं पचत नाही, यावरच तिचा सगळा डाव उभा होता. शुक्रवारपर्यंत वेंडेलने ती ॲक्शन पन्नासची नळी लावून नेली. घरी तो पाच बार टाकायचा आणि नळी पुसायचा. तशी सगळ्यांचीच सवय. स्पर्धेत मात्र दहा बार संपेपर्यंत पुसायची मुभा नाही. फक्त फुंकणीने नळीत श्वास सोडून काजळी ओली ठेवायची.

हिवाळाभर अर्डिसचा खांदा वांग्यासारखा काळानिळा होता.

ऑगस्टमध्ये स्पर्धेच्या दिवशी वारा कोरडा होता. अर्डिस आणि वेंडेल शेजारी-शेजारीच लागले. तिच्या मागे दुर्बिणीला ओरिन. सात बार झाले तेव्हा रेड्याने वेंडेलला सातदा टण्ण करून उत्तर दिलं होतं, तिला सहादा. आठव्याला वेंडेलने ठोकळा उघडायचा खटका खाली ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. ठोकळा जागचा हलला नाही.

शेजाऱ्याचा ठोकळा अडला की आपली लाकडी हातोडी द्यायची, अशी तिथली रीत. घड्याळ चालू असलं तरी देतात. हातोडी अर्डिसच्या गुडघ्याशी पडली होती.

"अर्डिस, हातोडी दे."

तिने फुंकणी तोंडाला लावली.

"अर्डिस! हातोडी!"

"थांब जरा. वारा बघतेय मी."

ओरिनने मागून वारा सांगितला. तिने बार टाकला. टण्ण. नववा, टण्ण. दहावा, टण्ण. तिचे नऊ, वेंडेलचे सातच. पंचांनी वेळ संपल्याची घंटा वाजवली, तेव्हा तिने हातोडी त्याच्या कोपराशी ठेवली.

"फसवलंस तू मला," वेंडेल म्हणाला. त्याचा चेहरा काजळीने माखला होता.

"खरं सांगितलं होतं, वेंडेल. तुला सवय नाही." मग आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आता नील्सच्या शेवटच्या बाराला वारा कुठला होता, ते यांना तू सांगतोस की मी सांगू?"

वेंडेल अडकलेल्या ठोकळ्यावर हातोडी ठोकत राहिला. शेवटी तिनेच सांगितलं, शब्दन् शब्द. पुढच्या सीझनला त्याच्या दुर्बिणीपुढे नेम धरायला कोणी तयार झालं नाही, आणि त्याच्या मागे बसायलाही कोणी आलं नाही.

संध्याकाळी ट्रकच्या फळीवर ती गरम पाण्याने नळी धूत होती. ओरिन तिच्या शेजारी येऊन फळीला टेकला.

"हातोडी द्यायला हवी होतीस."

"हो," अर्डिस म्हणाली. "द्यायला हवी होती." आणि तिने काठीला दुसरा फडका गुंडाळला.