हलू नकोस, पितंय ते

आधीच सांगते, अमानवीय वगैरे गोष्टी ऐकताना मला झोप येते. आमच्या मसोली गावात कुठल्या चिंचेखालून अमावास्येला जायचं नाही हे सांगणारे ढीगभर आहेत. मी त्या सगळ्या चिंचांखालून पहाटेच्या अंधारात धावत गेलेली आहे. भेटली ती फक्त कुत्री. तेव्हा ‘ताई, तुमचा आता विश्वास बसला का?’ असं कमेंटमध्ये विचारू नका... मलाच ठाऊक नाही.

माझे मिस्टर फुलपाखरांचे वेडे आणि मी धावण्याची. लग्न टिकवायचं म्हणून आम्ही दोन्ही वेडं एकत्र केली होती. होळी झाली की दर रविवारी सकाळी मी चिखल्याहून बोर्डीकडे धावायचे — ओहोटी असली तर ओल्या, घट्ट वाळूवरून, नसली तर सुरूच्या झाडांमधून. हे स्कूटरवरून पुढे जाऊन एखाद्या रुईच्या झुडपापाशी थांबायचे आणि शिट्टी मारायचे. मग मी थांबायचं, दाखवतील ते बघायचं, परत धावायचं. त्यात माझी लय बिघडायची, आणि माझ्या धापांनी त्यांची फुलपाखरं उडायची. दोघंही वैतागायचो. पण रविवार चुकवत नव्हतो.

गेल्या वर्षी त्यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला एकच शब्द — ‘हो’. चहा हवा? हो. नको? हो. मी कोण? हो.

आमची लेक पल्लवी नाशिकला असते. ती म्हणायची, "आई, बाबांना काही कळत नाहीये गं. इथे चांगलं केंद्र आहे, तिथे ठेवूया. नाहीतर तूच आडवी पडशील." तिचं काही चुकत नव्हतं. मला फक्त एवढंच कळायला हवं होतं, की आत हे आहेत की नाहीत. नसतील तर पाठवते. पण असतील तर कसं पाठवू?

यंदा होळीनंतरचा रविवार. दुसऱ्या दिवशी केंद्राला होकार कळवायचा होता. सकाळी सुनीता आली. ती तलासरीकडच्या एका पाड्यावरची, यांचं सगळं तीच बघते. तिच्यावर सोपवून मी निघाले. फोन मुद्दाम घरी ठेवला.

चिखल्याच्या जरा पुढे गेले आणि थांबले. सुरूखाली एका ओंडक्यावर बसले. घामाच्या धारा लागलेल्या. तेवढ्यात एक छोटंसं राखाडी-निळं फुलपाखरू उजव्या मनगटावर येऊन बसलं आणि सोंड काढून घाम प्यायला लागलं. फुलपाखरांना मीठ लागतं, हे यांनीच कधीतरी सांगितलेलं. मी हात तसाच पुढे धरून बसले... किती वेळ, माहीत नाही. हात भरून आला. रडूही आलं. ते उडालं तेव्हा उठले आणि न धावताच परत फिरले.

दारातच सुनीता.

"ताई, मघाशी सायेब बोलले ना! ‘हलू नको, पितंय ते,’ असा बोलले. मना वाटला पाणी मागतात. पेला लावला तर तोंड फिरवला."

मी अजून घरात पाऊलही टाकलं नव्हतं. फुलपाखराचं कुणाला सांगणार कधी?

"आणि तो हात," ती म्हणाली, "तो लुळा हात ना, वर केला त्यांनी! असा पुढं धरला. मी खाली घ्यायला गेली तर मान हलवली, नाय नाय. मी घाबरली, बाजूला उभी राह्यली."

आत गेले. हात नेहमीसारखा उशीवर पडलेला.

"अहो, कुठलं होतं ते?"

"हो," म्हणाले.

डॉक्टरांचं म्हणणं, सवयीची जुनी वाक्यं अशा पेशंटच्या तोंडून मध्येच निघतात. पटलं मला. कुणाच्याही अंगावर फुलपाखरू बसलं की हे तेच म्हणायचे. पण हाताचं विचारलं तर म्हणाले, "शक्य नाही, तुमच्या बाईंना भास झाला असेल." सुनीताला भास! तिला डोळे चोळायला फुरसत नसते. आणि नेमकं तेव्हाच का, माझ्यासारखा नेमका उजवाच का?

त्या रविवारी संध्याकाळीच पल्लवीला फोन केला. "केंद्राला नाही म्हणून कळव," म्हटलं. "बाबा आहेत."

नंतर कितीतरी रविवार मी मुद्दाम त्या ओंडक्यावर जाऊन बसले. फुलपाखरं आली, बसली, उडाली. घरी काहीही घडलं नाही. मला याचं उत्तर मिळालेलं नाही, आणि खरं सांगायचं तर शोधायचं त्राणही नाही.

लोकांना वाटतं, मला बळ आलं असेल. उलट मी जास्त दमते. वर्षभर त्यांच्या उशाशी बसून मी फोनवर वाट्टेल ते बोलले — हे कधी संपणार, दोघांपैकी एक तरी सुटलं तर बरं... भिंतीसमोर बोलावं तसं. ते सगळं त्यांनी ऐकलंय. आता फोन आला की मी मागच्या अंगणात जाते आणि दार ओढून घेते.