इगतपुरीची बशी आणि माझा बिनबशीचा कप

बिनबशीचा कप घेऊन इगतपुरीला जाणारी बाई वेडीच असणार, यावर आमच्या घरी एकमत झालं, तेव्हाच मी निघायचं नक्की केलं.

आधी कपाबद्दल. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला जुनी चिनी मातीची भांडी जमवायचा नाद लागला. २००३ मध्ये नाशिकच्या जुन्या बाजारात हा कप मिळाला. पातळ, पांढरा, काठाला सोन्याची रेघ आणि पोटावर सोनेरी तीन सिंह. राष्ट्रपतींच्या खास गाडीतला आहे, असं दुकानदार म्हणाला. असं सगळेच म्हणतात. पण उजेडात धरला की पलीकडची बोटं दिसत होती, म्हणून घेतला. पुढची चार वर्षं बशी शोधण्यात गेली. मग ओळखीच्या एकाने सांगितलं, इगतपुरीच्या युसुफचाचांकडे अशीच बशी आहे. चाचा पूर्वी स्टेशनच्या उपाहारगृहात वेटर होते.

डिसेंबरातल्या एका सकाळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कापूस घालून कप ठेवला आणि नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून एसटी पकडली. तिकीट तीस रुपयांच्या आसपास, रस्ता सव्वा तासाचा. रुंदीकरणामुळे दोन तास लागले. जाणार असाल तर डावीकडची खिडकी धरा, कळसूबाईची रांग दिसते. घोटीला गाडी दहा मिनिटं थांबते. तिथली भजी गरम आहेत का ते बघून घ्या. माझी नव्हती.

चाचांचं घर रुळांपलीकडे, दोन खोल्यांचं. चाचा ऐंशीच्या घरातले, ताठ. मी बसायच्या आतच ते सुरू झाले.

"घाटाचं इंजिन बदलायला गाडी थांबली होती, बाई. डब्यातला वेटर आजारी पडला, म्हणून मला बोलावलं. या हाताने चहा ओतला मी राष्ट्रपतीसाहेबांना. नंतर एका कपाचा कान तुटला, जोडी मोडली, तर बशी मला बक्षीस दिली."

कोणते राष्ट्रपती तेही त्यांनी सांगितलं. माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून इथे लिहीत नाही.

"रोजचंच आहे अब्बांचं," आतून सून म्हणाली. "पोरंपण हसतात आता."

चाचांनी ट्रंकेतून टॉवेलची गुंडाळी काढली. बशी तीच होती. तीच रेघ, तेच सिंह, फक्त वर्षानुवर्षांचा काळपटपणा. मी किंमत विचारली.

"नाही देणार. हीच माझी साक्ष आहे. रविवारी नातीच्या सासरचे येणारेत, त्यांना दाखवायचीय."

"पाहुण्यांपुढे अशी काळी बशी?" म्हणत चाचींनी ती उचलली. "जरा धुऊन आणते."

मी कप उजेडात धरून चाचांना बोटं दाखवत होते. मागच्या मोरीतून घासल्याचा आवाज येत होता. मी तो ऐकला, पण लक्ष दिलं नाही. चिनी मातीवरचं सोनं वरवर बसवलेलं असतं, त्याला ओल्या मऊ फडक्याशिवाय काही लावायचं नसतं. हे मला ठाऊक होतं. चाचींना ठाऊक होतं ते एवढंच, की पाहुणा आला की तांबं-पितळ चिंच आणि राखेने लखलखीत करून पुढे ठेवायचं.

"कशी लय चमकली बघा!" त्या बाहेर आल्या.

बशी पांढरीशुभ्र होती. चाचांनी ती दोनदा फिरवून पाहिली.

"शेर कुठंयत?"

चाचींचा हात तोंडावर गेला. "मला वाटलं मळच हाय."

बशी माझ्यापुढे ठेवून चाचा म्हणाले, "न्या बाई. पांढरी बशी काय, कुठंपण मिळते."

खरं सांगते, मला आनंद झाला. अर्धा मिनिट टिकला असेल, पण झाला. लिहिताना लाज वाटते. चाचांनी माझा कप उचलून त्या बशीत ठेवला. जराही न डुगडुगता तो बसला. चाची रडत होत्या. "रडू नको," ते म्हणाले. "बघ, असेच होते शेर."

सून बाहेर येऊन वाकली. "अब्बा, असल्याच कपात ओतलावता चहा?"

चाचांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती शेवटपर्यंत उभी राहून ऐकत होती.

"कप राहू द्या इथंच. रविवारी लागेल," मी म्हणाले, आणि घोटी येईपर्यंत पस्तावले. चाचींनी मला रिकाम्या हाताने सोडलं नाही. पितळी डबाभर नवा तांदूळ दिला. डबा इतका घासलेला, की त्यात माझं पडलेलं तोंड स्वच्छ दिसत होतं.

 कपाटात कपाची जागा अजून मोकळी आहे. मला त्याची आठवण येते. तांदूळ मात्र फार चांगला होता, घोटीला मिळतो, जरूर आणा.

सोमवारी चाचांचा एसटीडी बूथवरून फोन आला.

"व्याह्यांनी कप हातात घेतला, बाई. म्हणाले, साखर किती घेत होते साहेब? मी सांगितलं, एकच चमचा. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं."

मीही विचारलं नव्हतं.