कासवाच्या डोळ्यांनी पाहणारा बगळा

संग्रहालयात सगळे त्याला पेंढ्या म्हणत, कारण मेलेल्या पशुपक्ष्यांत पेंढा भरून त्यांना जिवंत दाखवणं हा त्याचा उद्योग. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. पेंढ्याच्या हाती पडलं की मेल्यालाही नवी खोड लागते, असं तो स्वतःच सांगे.

बायको मात्र लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्याचं काम बघायला कधी फिरकली नव्हती. "निर्जीव बघायला तिथवर कशाला? घरी तुम्ही आहात की," म्हणायची. या रविवारी शेजारीण निघाली, म्हणून तीही येते म्हणाली. तिच्या तोंडून एकदा 'छान' ऐकायचं, एवढ्यासाठी पेंढ्याचा जीव टांगणीला लागला.

नवं काचेचं कपाट दोन प्राण्यांच्या तुलनेचं होतं. एकीकडे अंडी घालण्यापुरतं किनाऱ्यावर येणारं समुद्री कासव, दुसरीकडे त्याच्या पिल्लांवर टपून उथळ पाण्यात उभा असलेला बगळा. कासवाचे डोळे काळे, पाणावलेले. बगळ्याचे पिवळे, हजेरी घेणाऱ्या मास्तरांसारखे. काचेचे ते डोळे पेंढ्यानेच रंगवले, मागून काळ्या रंगाचा हात दिला, पुढे चरे पडू नयेत म्हणून कागदी पट्टी चिकटवली आणि सगळे एकाच बशीत वाळत ठेवले. मग बायकोने कौतुक केल्यावर विनयाने काय बोलायचं याची तालीम करत तो ते बसवू लागला. बगळ्याचा डोळा खोबणीत जाईना. शहाण्या माणसाने डोळ्यावर संशय घेतला असता. पेंढ्याने बगळ्याला दोष दिला आणि खोबण कोरून मोठी केली. कासवाचा डोळा सैल पडला, तिथे मेण भरलं. वर स्वतःच्या हातावर खूशही झाला.

रविवारी पाहुणे दारात असताना त्याने पट्ट्या काढल्या. बगळा रडवेला होऊन बघत होता, आणि कासव सगळ्या जगाला दटावत होतं.

लोक येऊन "वा, काय जिवंत वाटतात!" म्हणून पुढे जात होते. बायको पुढे गेली नाही. काचेला नाक लावून तिने आधी बगळा पाहिला, मग कासव, मग पुन्हा बगळा. शेजारीण कंटाळून बाकावर जाऊन बसली. पेंढ्या खांबाआड उभा राहून घाम पुसत होता.

"अहो, इकडे या," ती म्हणाली. "याचे डोळे त्याला लावलेत ना?"

"हो," तो म्हणाला. तालमीतलं एकही वाक्य कामाला आलं नाही.

"पिसं मात्र एकेक करून लावलेली दिसतात. पायावरचे खवलेसुद्धा." ती पुन्हा वाकली. "डोळे तेवढे बदला. मग मी परत येईन बघायला."

पेंढ्याला गहिवरून आलं. इतकी वर्षं हिने आपल्याकडेही एवढं निरखून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी त्याने डोळे जागच्या जागी बसवले. मग जरा विचार केला आणि कासवाचं शेपूट हळूच वाकडं करून ठेवलं.