बायडाबाईची इटली

खंडेराव आहेरांच्या घरात इटली हा देश नव्हता, ती एक बाई होती, एका इटालियन ऑपेरातली, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकातली. त्या ऑपेराचं खरं नाव घेताना खंडेरावांची जीभ अडखळायची, म्हणून त्यांनी नावाची भानगडच मिटवून टाकली होती. "जरा इटली लावतो," असं ते म्हणाले की सातपूरच्या त्या दोन खोल्यांत सगळ्यांना कळायचं, आता या माणसाला हाक मारण्यात अर्थ नाही.

हे खूळ शिरलं कारखान्यात. खंडेराव मूळ कळवणकडचे. सातपूरला टर्नर म्हणून लागले आणि तिथंच केस पांढरे करून रिटायर झाले. तरुणपणी कंपनीत एक इटालियन मशीन आलं आणि ते बसवायला तिकडचाच एक इंजिनिअर. हा गडी काम करताना टेपरेकॉर्डर लावून ठेवायचा आणि त्याच्याबरोबर स्वतःही घसा फोडायचा. बाकीचे खाली मान घालून हसायचे. खंडेराव मात्र हातातला पाना तसाच धरून उभे राहायचे. शब्द एक कळत नव्हता, पण कुणी बाई कुणाला तरी जाऊ नको म्हणतेय, एवढं कळत होतं.

परत जाताना इंजिनिअरनं ती कॅसेट त्यांच्या खिशात घातली. त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतून आणि खंडेरावांच्या त्याहून मोडक्या इंग्रजीतून गोष्टही सांगून झाली. एक आजारी बाई, तिच्यावर जीव टाकणारा पोरगा, मग गैरसमज, मग ताटातूट. पोरगा परत येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो आणि बाई त्याच्या मांडीवर प्राण सोडते.

मग काय विचारता! मुंबईला गेलेली माणसं बायकोला साडी आणतात, हे त्याच ऑपेराची आणखी एक कॅसेट आणायचे. पुढं व्हिडिओ कॅसेटी आल्या, सीड्या आल्या, डीव्हीड्या आल्या. गोष्ट तीच, गाणी तीच, गाणारी बाई तेवढी वेगळी. एक खोकत खोकत मरायची, एक उभ्या उभ्या कोसळायची, आणि एक चांगली धष्टपुष्ट बाई मरणाच्या पलंगावरून अशी काही तान मारायची की डॉक्टरनंच कोड्यात पडावं. खंडेरावांना त्याचं काही नव्हतं. शेवट आला की त्यांच्या डोळ्यांना धार लागायची, ती दर वेळी.

त्यांची बायको बायडाबाई पदराआड हसायची. "एवढं ओरडायला ताकद हाय तिला, अन् म्हणं आजारी!" ती महिरावणीकडच्या द्राक्षबागांत रोजानं जायची. थकून आलेली असायची, तरी जेवणं झाली की नवऱ्याजवळ बसायची आणि तो तीच गोष्ट नव्यानं सांगायचा. ती ऐकते की नाही, हे त्याला कधी कळलं नाही. तिचे हात आपले तांदूळ निवडत असायचे.

गेल्या थंडीत बायडाबाई गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि न्यूमोनियानं बघता बघता घात केला.

कळवणहून नातलग आले. बायकांनी हेल काढले, मुलगा ढसाढसा रडला. खंडेरावांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. दहावा झाला, तेरावा झाला, तरी नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय. कुणी मागं बोललंही की दगडाचं काळीज आहे. खंडेरावांनी स्वतःविषयी काढलेला निकाल याहून वाईट होता. त्यांना वाटत होतं, आपलं रडणं संपलं. जन्मभर ते त्या परक्या बाईवर उधळून बसलो आणि जिनं उभा संसार ओढला तिच्या वाट्याला काही उरलं नाही. हा विचार त्यांना आतून पोखरत चालला होता. जेवण तुटलं होतं. आणि इटलीचा त्यांना असा राग आला होता, जसा सवतीचा यावा.

एके दिवशी त्यांनी सुनेला, योगिनीला सांगितलं, "ते खोकं भंगारवाल्याला देऊन टाक. आजच दे."

योगिनी समजूतदार. ती म्हणाली, "देते, बाबा. पण यातच कुठंतरी आमच्या लग्नाची कॅसेट मिसळलीय. तिच्यात आई आहेत. तेवढी शोधू द्या."

"शोध बाई," म्हणून खंडेराव खुर्ची घेऊन ओट्यावर जाऊन बसले. योगिनीनं जुना व्हीसीआर टीव्हीला जोडला आणि एकेक कॅसेट घालून बघायला लागली. लग्न काही सापडेना. एक कॅसेट तर थेट शेवटावरच उघडली. पलंगावरची बाई उंच सुरात आकांत करायला लागली आणि तो आवाज गल्लीभर गेला.

नेमकी त्याच वेळी हरसूलकडून अक्काबाई आली. दर हंगामाला डोंगरातून बागांच्या कामाला उतरणाऱ्या टोळीतली ही बायडाबाईची मैत्रीण. औंदा ती कामासाठी गुजरातेत गेली होती. परत आल्यावर हरसूलच्या बाजारात कुणीतरी तिला सांगितलं की बायडी गेली. तशीच उठून, मिळेल त्या गाडीनं ती निघाली होती.

आता तिकडची रीत अशी की दुःखाच्या घरात बाई रडत असेल, तर आलेल्या बाईनं तिला एकटीला रडू द्यायचं नसतं. आधी तिच्या रडण्यात रडणं मिसळायचं, मग काय ते बोलणं-चालणं. अक्काबाईच्या कानावर गल्लीच्या तोंडाशीच तो आकांत पडला. एवढे दिवस झाले तरी घरात कुणी असं रडतंय म्हटल्यावर तिचा धीर सुटला. तिनं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला, ओट्यावरच्या खंडेरावांकडे न बघता आत शिरली, टीव्हीसमोर फतकल मारली आणि हेल काढला.

"बायडे गं! मला न सांगता गेलीस गं माझे बाय!"

टीव्हीतल्या बाईनं एक सूर लावला की हिनं दुसरा. योगिनीला काय करावं कळेना. तिनं टीव्ही बंद करायला हात पुढं केला, तोच दारातून खंडेरावांनी मान हलवून नको म्हणून सांगितलं.

"बागेत आता गोष्ट कोण सांगंल गं! घड विरळता विरळता हात दुखले की तू म्हणायचीस, चला गं, इटलीवालीचं फुडं काय झालं ते सांगते! आम्ही साऱ्या तुझ्याच वेलाखाली गोळा व्हायचो गं! माझ्या मालकावाणी गोष्ट दुनियेत कुणाला सांगता येत नाय, म्हणायचीस गं, बायडे!"

खंडेराव उंबऱ्यावरच बसले. मालकावाणी! म्हणजे ती ऐकत होती. तांदूळ निवडता निवडता शब्द न् शब्द ऐकत होती आणि दुसऱ्या दिवशी बागेत नेऊन वाटत होती. त्यांनी तोंडाला उपरणं लावलं, पण रडू थांबायचं नव्हतं. म्हातारा माणूस लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला आणि प्रत्येक हुंदक्याला त्यांना बरं वाटत होतं. परमेश्वरा, तुझे उपकार, असं ते मनात म्हणत होते. परमेश्वराचे म्हणत होते, बायडीचे म्हणत होते, न बोलावता आलेल्या या अक्काबाईचेही म्हणत होते.

रडणं ओसरल्यावर योगिनीनं पाणी दिलं. अक्काबाईनं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच नीट समोर पाहिलं. "आन् ही कोण गं? मला वाटलं तुमच्यातलीच कुणी पाव्हणी."

"मावशी, हीच ती इटलीवाली."

"हीच? मग अशी आडवी का पडली?"

"मेली ना ती. गोष्टीचा शेवट आहे तो."

अक्काबाई ताडकन म्हणाली, "कोण म्हणतं? ती नाय मरत. पोरगा औषध घेऊन येतो, ती बरी होते आन् मग दोघं जोडीनं देवीच्या गडावर जाऊन येतात. बायडीनं सोता सांगितलंय. आधी एकदा मारली व्हती तिनं. आम्ही साऱ्या रडाय लागलो, काम व्हईना. मंग दुसऱ्या दिवशी येऊन बायडी म्हणाली, काल माझं चुकलं गं बायांनो, ती जगली." मग ती खंडेरावांकडे वळली. "दाजी, तुम्हीच सांगा हिला. गोष्ट तर तुमची हाय."

योगिनी सासऱ्यांकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत या गोष्टीतला एक शब्द इकडचा तिकडे झालेला त्यांना चालला नव्हता.

खंडेराव उठले. त्यांनी खोक्यातून दुसऱ्या बाईची कॅसेट काढली, फडक्यानं पुसली आणि व्हीसीआरमध्ये सरकवली.

"अक्काबाईचं बरोबर हाय, पोरी," ते म्हणाले. "उठते ती."

गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, पडदा उघडला. दिव्यांचा झगमगाट होता, मेजवानी रंगली होती, आणि ती बाई सगळ्यांच्या मधोमध उभी राहून हसत हसत पाहुण्यांना या, बसा म्हणत होती.

"बघ," अक्काबाई योगिनीला म्हणाली. "बायडी खोटं सांगंल व्हय?"