दाराबाहेरच्या चपला

आमच्या मजल्यावर पूर्वी प्रत्येक दाराबाहेर चपला असायच्या. त्या बघूनच कळायचं, कोण घरी आहे. समोर जबल अली बंदराच्या गोडाऊनमधले दोघे भाऊ, शेजारी शाळेच्या बसचा ड्रायव्हर, कोपऱ्यात शिंपी. सगळे बायकामुलांसकट. नवीन विमानतळाचं काम वाढलं तशी भाडीही वाढली. कोणी शारजाला गेलं, कोणी कुटुंब गावी पाठवलं. त्यांच्या जागी विमान कंपन्यांतली माणसं आली. त्यांच्या चपला आत कपाटात असतात. बाहेर नुसतं पायपुसणं.

आम्ही राहिलो. ह्यांचा पगार होता तेवढाच, म्हणून हॉलमध्ये पडदा लावून एक मुलगी पोटभाडेकरू ठेवली. चिपळूणची. विमानतळावर कॉफीच्या दुकानात कामाला, नवरा तिकडे गावी. ती द्यायची त्यातून वाढीव भाडं निघायचं. मला काकू म्हणायची, मुलाचा अभ्यास घ्यायची. पण घराच्या करारात तिचं नाव नव्हतं.

जानेवारीत लिफ्टमध्ये एक कागद लागला. मुलाने वाचून सांगितलं, "आई, ओन्ली रजिस्टर्ड पीपल. अदरवाइज नो रिन्यूअल." आमचा करार महिन्याभरात संपत होता. हे म्हणाले, "कोणी विचारलं तर तीन जण सांग. खलास." मला चार माणसांत बोलायची भीती वाटते. मी आठवडाभर 'तीन, तीन' असं मनात घोकत होते.

तरी संक्रांतीचं हळदीकुंकू करायचं ठरवलं. दर वर्षी करते. शारजाला गेलेल्या जुन्या बायकाही यायच्या होत्या. रविवारी त्या मुलीने सुट्टी घेतली, पडदा काढला, आपली गादी आणि बॅग दिवाणाखाली सरकवली. माझी हिरवी साडी नेसून तिळगूळ वाटायला उभी राहिली. वाण म्हणून मी चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. एक तिच्या हातात द्यायला गेले तर हसली. "काकू, घरातल्यांना कुठे वाण देतात?"

"खरंच की," मी म्हटलं आणि गाळणी परत परातीत ठेवली.

बायका जमल्या. जुन्या दिवसांसारख्या गप्पा सुरू झाल्या. "अगं, इथे आता लिफ्टलाही अत्तराचा वास येतो!" एकजण म्हणाली. "आम्ही होतो तेव्हा मसाल्याचा यायचा," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. तेवढ्यात बेल वाजली.

दारात वॉचमन होता आणि त्याच्याबरोबर इमारतीच्या ऑफिसातला माणूस, हातात फोन. समोरच्या नव्या बाईने आमच्या दाराचा फोटो पाठवला होता. पंधरा-सोळा जोड चपला, भिंतीपर्यंत.

"भाभी, कितने लोग रहते हैं यहाँ?" ऑफिसातल्या माणसाने विचारलं.

मागून एक बाई म्हणाली, "अहो भाईसाब, हळदीकुंकू है, हम सब मेहमान हैं." तो हसला नाही. "ठीक है. मेहमान जाने दो. मैं रुकता हूँ. बाद में देखेंगे कितनी चप्पल बचती है."

मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग त्या मुलीकडे. तिच्या सँडल त्या ढिगातच होत्या, आमच्या चपलांना लागून.

"तीन," मी म्हटलं. "हम तीन."

"और ये?" त्याने परात धरलेल्या मुलीकडे बोट केलं.

मी वळले. तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, हातातली परात घेतली आणि त्यातली एक गाळणी तिच्या हातात ठेवली. पाहुणीला देतात तशी. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "येते हं काकू."

बायकांच्या घोळक्यात ती बाहेर गेली, सँडल घातल्या, लिफ्टमध्ये शिरली. माझी साडी तिच्या अंगावरच होती. तो माणूस शेवटपर्यंत थांबला. दाराबाहेर तीन माणसांच्या चपला उरल्या. त्याने त्यांचा फोटो काढला आणि वॉचमनला म्हणाला, "यल्ला, चलो."

आमचा करार झाला. भाडं पुन्हा वाढवून.

ती एका मैत्रिणीकडे राहिली, सहा जणींच्या खोलीत. मी दोनदा फोन केला. "डोन्ट वरी काकू," एवढंच म्हणाली. चौथ्या दिवशी दुपारी बेल वाजली. तिच्याकडे किल्ली होती, तरी तिने बेल वाजवली. एका हातात घडी केलेली साडी, दुसऱ्या हातात किल्ली.

"अगं, आत ये ना. चहा टाकते."

"नको काकू. आत यायचं तर सँडल बाहेर काढाव्या लागतील."

ती हे टोमणा मारल्यासारखं म्हणाली नाही. समोरच्या बंद दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाली. मी आत गेले आणि दिवाणाखालून तिची बॅग ओढून काढली. ती उंबऱ्याबाहेर उभी होती.