उपाध्यक्षांच्या नावे राजीनामा

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. अंबरनाथच्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे माझे शेजारी म्हणजे राज्यघटनेतली राष्ट्रपतिपदाची कलमं खुद्द राष्ट्रपतींपेक्षा काटेकोरपणे पाळणारे देशातले एकमेव गृहस्थ, आणि त्यांच्यावर अन्याय केला तो मी.

ते कारखान्यात टर्नर होते. निवृत्तीनंतर, नव्या शतकाच्या सुरुवातीला, सोसायटीचे अध्यक्ष झाले ते रीतसर शपथ घेऊन. राष्ट्रपतींना सरन्यायाधीश शपथ देतात. ते नसले तर हजर असलेले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश. आमच्याकडे ज्येष्ठ म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या आजी. "बरं बाबा, घेतलीस ना? आता बस खाली," आजी म्हणाल्या. राष्ट्रपतींना दुसरं लाभाचं पद चालत नाही, म्हणून हे बैठकीतला चहासुद्धा घेत नसत. मी उपाध्यक्ष. भाजीबाजारातही त्यांची हाक तीच: "काय उपाध्यक्ष, मेथी कशी दिली?"

एकदा पाण्याची मोटर जळली. समितीने नव्या मोटरचा ठराव केला. राष्ट्रपती विधेयक पाठवतात तसा यांनी तो फेरविचारासाठी परत पाठवला. जुनी दुरुस्त होते का ते आधी बघा, म्हणाले. वरचे नळ आठ दिवस कोरडे, त्यांत त्यांचाही. "अहो, तोच ठराव पुन्हा पाठवा. मग सही करणं मला भागच आहे," ते मला म्हणाले. हे मी कुणालाच सांगितलं नाही. मला खुर्ची हवी होती. ते बदलापूरला मुलीकडे गेलेले पाहून मी गच्चीवर सभा बोलावली आणि दहा मिनिटांत, हात वर करून, त्यांना काढलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या घरी आले. "राष्ट्रपतींना काढायचं तरी चौदा दिवसांची नोटीस लागते. बाजू मांडू देतात. मी काय चोरी केली होती?"

"ही सोसायटी आहे हो, दिल्ली नाही," मी म्हणालो.

त्यांनी खिशातून कागद काढला. राष्ट्रपती राजीनामा देतात तो उपराष्ट्रपतींच्या नावे. हा माझ्या नावे होता. "तुमची सभा नियमात नव्हती, म्हणजे मी अजून अध्यक्ष आहे. एवढा सभेत वाचून दाखवा. नातवंडांना सांगेन, मी स्वतः सोडलं. काढलं, असं नको."

मी हो म्हणालो. वाचला नाही. वाचला असता तर माझीच सभा खोटी ठरली असती. सभेच्या वहीत "काढून टाकले" हेच राहिलं.

मी अध्यक्ष झालो, तरी ते मला उपाध्यक्षच म्हणत. लोकांना वाटे, टोमणा मारतात. मला ठाऊक होतं, तो कागद वाचला जाण्याची ते वाट पाहत होते.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी तो कागद घेऊन वर गेलो. माफ करा, एवढंच म्हणायचं होतं. पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "काय उपाध्यक्ष, नळाला पाणी येतं ना नीट?"

"येतं," मी म्हणालो, आणि त्यांच्या सुनेने आणलेला चहा तसाच ठेवून जिना उतरलो. कागद खिशातच राहिला.